शब्दाला पोच हवी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या चुलत्यांची शेड आहे. चार लेथ, एक रेडियल ड्रिल, कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी आणि सात कामगार. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून द्यायचं, हा धंदा. तात्या तो अडतीस वर्षं करताहेत. मी चार्टर्ड अकाउंटंट. माझा दिवस अशाच लहान कारखानदारांच्या वह्या तपासण्यात जातो. धंदा माणसं सांभाळून टिकतो, असं तात्या म्हणतात. कागद सांभाळला नाही तर माणसंही टिकत नाहीत, असं मी म्हणते. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं त्यांच्या बिलातून एक लाख ऐंशी हजार रुपये कापून घेतले आणि सुट्टीच्या दिवशी, बंद मशिनींच्या मध्ये बसून, आमचं हे जुनं भांडण पुरतं झालं. असं बोलणं आज कितीतरी शेडमध्ये, बापलेकांत आणि भावाभावांत चालू असतं, म्हणून ते इथं मांडते.

मी : तात्या, डेबिट नोट नेमकी कशाची आहे?

तात्या : चारशे हाउसिंगची. बोअर पस्तीसचा होता. त्यांच्या क्वालिटीच्या साहेबाचा फोन आला, बेअरिंग घट्ट बसतंय, पन्नास मायक्रॉन वाढवा. मी वाढवला. माल गेला, उतरला, आणि तीन आठवड्यांनी रिजेक्ट. ड्रॉइंगमध्ये पस्तीसच आहे म्हणे.

मी : फोनवर सांगितलेलं लिहून घेतलं होतं?

तात्या : सात वर्षं बोलतोय त्याच्याशी. त्याच्या पोरीच्या लग्नाला जाऊन आलोय. लिहून काय घ्यायचं?

मी : मग त्यालाच सांगू दे की आता.

तात्या : नोकरी सोडली त्यानं. पुण्याला गेला. फोन लावला तर म्हणतो, तात्या, मी सांगितलं होतं, खरं आहे. पण आता मी तिथं नाही.

तात्यांनी मागच्या रॅकमधून एक हाउसिंग काढून माझ्या हातात दिलं. गंज धरू नये म्हणून त्याला तेलाचा हात दिलेला होता. बोअरमध्ये बोट फिरवलं तर कुठं रेघ लागत नव्हती. बाहेरच्या अंगावर मात्र लाल रंगानं फुली मारलेली.

तात्या : सांग, यात काम वाईट कुठं आहे?

मी : काम चांगलंच आहे. पण ते असं करायला कुणी सांगितलं, हे दाखवणारं आपल्याकडं काही नाही.

तात्या : म्हणजे उद्यापासून प्रत्येक फोनला स्टॅम्पपेपर घेऊन बसायचं? पोरी, म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांच्या काळापासून हे उद्यमनगर शब्दावर उभं आहे. मी पहिला लेथ घेतला तेव्हा माझ्याकडं तारण काय होतं? फौंड्रीवाल्यानं मला चार महिने उधार माल दिला, तो कुठल्या करारावर? २०२० च्या लॉकडाउनमध्ये शेड बंद होती. टूलवाला, ऑइलवाला, सगळे थांबले. एकानं नोटीस धाडली नाही. तुझा कागद त्या दिवशी काय करणार होता? त्यातला एखादा नियमावर बोट ठेवून चालला असता तर मी तेव्हाच संपलो असतो.

मी : हे मी नाकारत नाही. पण तेव्हा शब्द देणारा कोण होता ते बघा. फौंड्रीचा मालक स्वतः. टूलवाला त्याच्या दुकानाचा मालक. त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर राहत होता. आता तुम्ही ज्याच्याशी बोलता तो नोकरदार आहे. आज क्वालिटीला, उद्या बदलीवर, परवा दुसऱ्या कंपनीत. माणूस वाईट नाही, बघा ना, त्यानं फोनवर खरं कबूल केलं. पण त्याच्या खुर्चीवर जो आला त्याला तुमचा शब्द माहीतच नाही. त्याच्या हातात ड्रॉइंग आहे, आणि ड्रॉइंगवर पस्तीस.

तात्या : हे मात्र खरं आहे.

मी : म्हणून स्टॅम्पपेपर नको, पण फोन ठेवल्यावर एक ओळीचा मेल हवा. "आपल्या आजच्या फोनप्रमाणे बोअर ३५.०५ करत आहोत, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवावी." बस. त्यात अविश्वास कुठं आला? त्या साहेबालाही तो उपयोगी पडला असता.

तात्या : व्हॉट्सॲपवर असतं की सगळं.

मी : जुना फोन कुठं आहे तुमचा?

तात्या : गेला एक्स्चेंजमध्ये.

मी : आणि त्यातले मेसेज? कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, रेकॉर्ड जागेवर असावं लागतं. मेल कंपनीच्या नावावर राहतो, फोन बदलला तरी जात नाही. आणि डिलिव्हरी चलन. तुमची चलनबुकं मी बघितली. कार्बनखाली सही आहे, पण कुणाची ते कळत नाही. नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही. सही घेणाऱ्या आपल्याच ड्रायव्हरला हे शिकवायला दहा मिनिटं लागतील.

तात्या : बरं, धरून चाल की कागद चोख झाला. पैसे येतात का त्यानं? बिल गेलं की जीएसटी मी पुढच्याच महिन्यात खिशातून भरतो, आणि बिलाचे पैसे येतात चार महिन्यांनी. म्हणजे त्यांचा कर मी भरायचा, त्यांचं भांडवल मी पुरवायचं. याला तुझा कायदा काय म्हणतो?

मी : २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी काही ठरलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यायचे. ठरलं असेल तरी ४५ दिवसांच्या पुढं जायचं नाही. त्यांनी ऑर्डरवर ९० दिवस छापले तरी कायद्यापुढं ते टिकत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

तात्या : आणि ते व्याज मागितलेला उद्यमनगरातला एक माणूस दाखव मला. जो तक्रार घेऊन या कायद्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलमध्ये गेला, त्याची पुढची ऑर्डर गेली. मला तीन महिन्यांचं व्याज हवंय की पुढच्या तीन वर्षांचं काम?

मी : कौन्सिलचा निकाल विरोधात गेला तर गिऱ्हाइकाला त्याला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे विसरू नका. ते मोठं हत्यार आहे.

तात्या : प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावं असंही कायदाच म्हणतो ना? निघतं?

मी : बऱ्याचदा नाही निघत. तुमचं बरोबर आहे. कौन्सिल ही नातं संपल्यावरची पायरी आहे. बुडीत चाललेल्या पैशांसाठी ती वापरायची, रोजच्या गिऱ्हाइकासाठी नाही. पण रोजच्यासाठीही एक गोष्ट झाली आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात तरतूद आणली की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे त्या १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे ३१ मार्चला तुमचं बिल थकलं असेल तर त्यांचा कर वाढतो.

तात्या : ठाऊक आहे. त्याच वर्षी आमच्यातल्या दोघांना त्यांच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर काम दुसरीकडं देतो. कायदा आला की मोठा त्यातून वाट काढतो, आणि ती वाट जाते आमच्याच अंगावरून.

मी : आणि त्या दोघांनी रद्द केली?

तात्या : एकानं केली. त्याला आजही चार महिन्यांनीच पैसे मिळतात.

यावर दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर चालू केला आणि बंद केला.

मी : तात्या, तुमची स्वतःची उद्यम नोंदणी केली आहे ना?

तात्या : तू म्हणतेस म्हणून करायची आहे.

मी : २०२० पासून ती ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. मुद्दा असा की माल देण्याआधी ती झालेली असावी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांवर हक्क सांगायला गेलं की तिथंच वाद उभा राहतो. आणि नंबर बिलावर छापा. तुम्ही भांडू नका, त्यांचा ऑडिटर मार्चमध्ये तो नंबर बघेल आणि त्यांना विचारेल. मात्र हे तुमच्यासारख्या उत्पादन किंवा सेवा करणाऱ्याला. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती कर्जाच्या सोयीपुरती. उशिराच्या पैशांची ही ढाल त्याला मिळत नाही.

तात्या : आता माझं ऐक. पैशाचा धोका कसा टाळायचा ते मला तुझ्या पुस्तकाआधी कळलं. पहिल्या दहा वर्षांत मी एक नियम केला, कुठल्याही एका गिऱ्हाइकाचं काम आपल्या धंद्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. शेजारच्यानं एकाच कंपनीच्या भरवशावर सहा मशिनी घेतल्या. त्याचे कागद तू म्हणतेस तसे चोख होते. करार होता, ऑर्डर होती, पैसेही वेळेवर यायचे. मग कंपनीनं तो भाग बनवणंच बंद केलं. कुठलंही कलम मोडलं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही, आणि त्याच्या मशिनी बँकेनं नेल्या.

मी : हे मला कुठल्याही वहीत दिसलं नसतं. मी ताळेबंद बघते तेव्हा येणं किती ते बघते. ते किती जणांकडून आहे, हे बघायला हवं.

तात्या : लिहून ठेव.

मी : ठेवते. आता जुन्या येण्याबद्दल. तुमच्या खतावणीत एक खातं पाच वर्षांपासून तसंच आहे, दोन लाख चाळीस हजार.

तात्या : देईल तो. नाही म्हणत नाही कधी.

मी : तोंडानं नाही म्हणत. मुदतीच्या कायद्यानं अशा येण्याच्या दाव्याला तीन वर्षं आहेत. त्या आत त्यानं सही करून बाकी कबूल केली, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची लेखी नोंद राहिली, तर तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. म्हणून दर एप्रिलला प्रत्येक गिऱ्हाइकाला खातेउतारा पाठवून "बाकी बरोबर" अशी सही मागायची असते. एक पान, एक सही. त्यात कुणाचा अपमान होत नाही, कारण मोठ्या कंपन्या हेच पत्र तुम्हाला पाठवतात आणि तुम्ही सही करून देता.

तात्या : देतो खरा. आणि चेक दिला असता तर?

मी : न वटलेल्या चेकला घड्याळ फार कडक आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. त्याला नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस. तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका साहेब" म्हणत म्हणत लोक नेमकी ही मुदत घालवतात.

तात्या : हे सगळं तू सांगतेस त्यात एक गोष्ट तू टाळतेस. धंद्याचा खरा धोका उधारीचा नाही. खरा धोका घराचा आहे. व्हीएमसीच्या कर्जाला मी काय लिहून दिलंय ते तुझ्या काकूला अजून सांगितलेलं नाही.

मी : मला माहीत आहे. घर गहाण आहे. म्हणूनच मी तुम्हाला तीन वर्षं सांगते आहे की धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर ठेवू नका. एकल मालकीत कायदा तुम्ही आणि शेड असे दोघं मानत नाही. शेडचं देणं म्हणजे तुमचं देणं, आणि तुमचं म्हणजे घराचं. भागीदारीतही तेच, उलट भागीदारानं धंद्यासाठी केलेल्या देण्यालाही तुम्ही बांधलेले. कंपनी किंवा एलएलपी केली की मधे भिंत उभी राहते.

तात्या : भिंत? बँकेत जा कंपनी करून. मॅनेजर पहिल्यांदा काय मागतो? डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी. आणि जामीनदार कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. माझ्या मित्रासाठी मी जामीन राहिलो होतो. बँक आधी त्याच्याकडं जाईल, मग माझ्याकडं, असं मला वाटलं होतं. ती सरळ माझ्याकडं आली.

मी : करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तेच आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळं लिहिलं नसेल तर बँकेला आधी कर्जदाराच्या मागं लागायची गरज नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर, बँकेपुरती या भिंतीत आपणच भगदाड पाडून देतो. पण घेणेकरी एकटी बँक नसते, तात्या. एखाद्या पार्टमुळं अपघात झाला आणि भरपाईचा दावा आला, जागेचा वाद झाला, पुरवठादाराचं देणं थकलं, तिथं ती भिंत उभी असते. आणि बँकेपुढंही बोलता येतं. कर्ज फिटत आलं की घर सोडवून मागायचं. तारणाशिवाय मिळणाऱ्या हमी योजनेचं कर्ज विचारायचं. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की त्या योजनेत सरकार हमी देतं ती बँकेला. आपलं देणं आपल्याच डोक्यावर राहतं.

तात्या : आणि नोंदणीचा, ऑडिटचा, तुमच्या फीचा दरवर्षीचा खर्च?

मी : तोही खरा. दोन-तीन लाखांची उलाढाल असणाऱ्याला मी कंपनी करायला सांगणार नाही. सात कामगार, घर गहाण, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसणारे पार्ट बनवणाऱ्याला सांगेन. आणि कंपनी करा, न करा, काकूंना आज संध्याकाळी सांगा. ज्या घरावर बोजा आहे त्या घरात राहणाऱ्याला तो माहीत नसणं, यापेक्षा मोठी जोखीम मला तुमच्या वह्यांत सापडली नाही.

तात्या : सांगतो.

मी : आणि शेडचा विमा केवढ्याचा आहे?

तात्या : वीस लाखांचा. बँकेनंच काढला होता.

मी : आणि शेडमध्ये आज माल, मशिनी मिळून?

तात्या : चाळीस तरी असेल.

मी : २०१९ चा पूर आठवतो? राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेली होती.

तात्या : कसा विसरेन? शाहूपुरीत मित्राचं दुकान होतं, आम्ही छातीइतक्या पाण्यातून त्याच्या वह्या बाहेर काढल्या. विमा होता म्हणून निश्चिंत होता तो. हातात आले निम्मे पैसे. त्याला वाटलं, विमावाल्यानं फसवलं.

मी : बहुतेक असंच झालं असेल. चाळीस लाखांच्या मालाला वीस लाखांचा विमा असला, तर विमावाला म्हणतो, निम्मी जोखीम तुम्ही स्वतःच उचलली आहे. मग दहा लाखांचं नुकसान झालं की देतो पाच. "नुकसान वीसच्या आत आहे, पूर्ण मिळेल" हा सगळ्यांचा गैरसमज. २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आली आहे. पूर त्यात धरलेला आहे आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर त्यासाठी कापत नाहीत. पण निम्म्यावर असाल तर कापणारच. आणि ही भिंतीला लागून रचलेली कास्टिंग कुणाची?

तात्या : गिऱ्हाइकाची. आपण नुसतं मशिनिंग करतो.

मी : म्हणजे ती जळाली किंवा भिजली तर भरून कोण देणार?

तात्या : मीच.

मी : आणि विमा फक्त तुमच्या मालाचा. दुसऱ्याचा ताब्यात असलेला माल पॉलिसीत मुद्दाम लिहून घ्यावा लागतो. तसंच कामगारांचं. कामावर इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची, हे १९२३ पासून कायद्यात आहे. तुमचे सातच कामगार, ईएसआय लागू नाही, म्हणून कामगार भरपाईची, डब्ल्यूसी पॉलिसी हवी.

तात्या : कामगाराला काही झालं तर मी काय पॉलिसी बघत बसणार आहे? माझ्या पोरासारखे आहेत ते.

मी : तुम्ही नाही बघणार, ठाऊक आहे. तुम्ही घर विकून दवाखान्याचं बिल भराल. पण घर तर आधीच बँकेकडं आहे, तात्या.

तात्या उठले. कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, पुसले, आणि चष्मा लावून पुन्हा येऊन बसले. टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली. लक्ष्मीपूजनाला आणलेली होती, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि "श्री".

तात्या : घे. माझं येणं सांगतो, एकेक लिही.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सोळा नावं, रक्कम आणि साधारण तारखेसह, एकदाही न अडखळता. त्यातली पाच माझ्या खतावणीत नव्हती. मला वाटलं, झालं. पण तात्या थांबले नाहीत.

तात्या : आता माझं देणं लिही. सदर बाजारच्या पॅटर्नमेकरचे बारा हजार. तो गेला, त्याची बायको आहे. तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि ती मागणार नाही, कारण तिला माहीतच नाही. दर दिवाळीला थोडे देतो, पण हिशेब माझ्या डोक्यात आहे. आपल्या लेथवरच्या जुन्या पोराला शब्द दिलाय, त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी मी भरणार, अजून दोन वर्षं. आणि फौंड्रीवाल्याच्या धाकट्या भावाचे चाळीस हजार. त्यानं पावती मागितली नव्हती.

मी : याचा कागद कुणाकडंच नाही?

तात्या : नाही. मगाशी तू बोललीस, शब्द देणारा उठून गेला की शब्द कुठं राहतो? तो साहेब तर नुसता पुण्याला गेला. मी कुठं जाणार आहे, ते दिसतंयच. माझा पोरगा चांगला आहे, पण त्याला कुणी येऊन म्हणालं की तुझ्या वडलांनी असा शब्द दिला होता, तर त्यानं कशावरून मानायचं?

मी लिहीत राहिले. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी कागदाकडं येणं वसूल करण्याचं साधन म्हणूनच बघत आले होते. दिलेला शब्द आपल्यामागं कुणीतरी पाळावा, यासाठीही तो लागतो, हे मला त्या दिवशी तात्यांनी दाखवलं.

तिन्ही देणी लिहून झाल्यावर त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा सारखा केला आणि प्रत्येक नोंदीखाली स्वतःची सही केली. पुढं पूर्ण नाव लिहिलं आणि तारीख घातली. मग ड्रायव्हरची चलनबुकं मागवली.